रुखवताच्या संदुकीत पडलेली मतं

“तू चणा टाकलास? मग आम्हा दोघांचे चणे काय माझ्या मेलेल्या बापाने खाल्ले?”

हाजी रिफ्की असं ओरडले आणि ओरडता ओरडता त्यांनी माझ्या झाकणावर पंजा आपटला. भांडण तोवर चांगलंच तापलं होतं. जिन्यात वरपासून खालपर्यंत आवाज घुमत होता. मुर्वेतने त्यांचा पंजा माझ्यावरून उचलून बाजूला केला, ताटात पडलेला केस उचलावा तसा.

“तोंडाने काय ते ओरडा, हाजी. माझ्या संदुकीवर हात नको. अक्रोडाची आहे ती. तुमच्या डोक्यापेक्षा महाग लाकूड.”

ती संदूक मी. मीच बोलतेय. आजवर बोलले नाही, कारण संदुकीने बोलायचं नसतं, पोटात ठेवायचं असतं. पण त्या रविवारी माझ्या पोटात जे पडलं ते मला अजून पचलेलं नाही. कसर लागली, वाळवी लागली, सीमेवर शिपायाने संगिनीने उचकटलं, सगळं पचवलं. हे नाही पचलं. म्हणून ऐका.

माझ्याशेजारी जमिनीवर एक ताट होतं. ताटात तीन पांढरे घेवडे आणि दोन चणे. चणा म्हणजे तळघरातल्या विदादला राहू द्या. घेवडा म्हणजे जाऊ दे. आणि विदाद तिथेच होती, खालच्या पायरीवर, भिंतीला टेकून. तिला आमची भाषा भराभर बोलता येत नाही, पण घेवडा आणि चणा तिला नीट ओळखता येतो.

तुर्कस्तानात बुर्सा शहरातल्या आमच्या इमारतीत मजल्याला एक, अशी पाच घरं. तळघरातली जागा कुणा एकाची नाही, पाचांची सामाईक. पूर्वी तिथे राखणदार राहायचा. आता विदाद राहते. सीरियातल्या हलबहून आलेली, नवरा गिरणीत रात्रपाळीला, दोन मुली, एक शिवणयंत्र. भाडेकरार संपत आला होता. तो पुढे चालवायचा की नाही, एवढाच प्रश्न.

एवढाच, आम्हाला. तिला नाही. आमच्या मोहल्ल्यात परक्यांची नवी नोंद घेणं बंद झालंय. जुना पत्ता आहे तोवर माणूस आहे. पत्ता सुटला की मुलींची शाळा सुटली, दवाखाना सुटला, आणि मग शहरच सुटलं. हे तिला ठाऊक होतं. वरच्या पाचांनाही ठाऊक होतं. ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं कुणी म्हणालं तर थोबाडीत मारा, मी सांगितलंय म्हणा.

आता मी कोण, ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल.

माझा जन्म सीमेपलीकडचा. बल्गेरियात किर्जालीच्या डोंगरात, जिथे हवेलाच तंबाखूच्या पानांचा वास. मुर्वेतचा बाप मेस्तान सुतार. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने मला केलं. खिळा एकही नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून. तिच्या रुखवताच्या चादरी, रुमाल, कशिद्याच्या उश्या माझ्यात ठेवायच्या होत्या, म्हणून त्याने आतून खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली.

मी शाळेत गेले नाही. झाकण मिटलं की अंधार, आणि अंधारात त्या कागदांशिवाय दुसरं काही नाही. बघत बसले. बघता बघता अक्षरं कळायला लागली, आधी तिथली, मग इथली. कुणी शिकवलं नाही, कुणाचे उपकार नाहीत. वरच्या मजल्यावरच्या फेरिहाबाईंनी तीस वर्षं वर्गात खडू झिजवला असेल. मी माझ्या पोटाच्या भिंतीवर शिकले आणि मला त्यांच्यापेक्षा जास्त आठवतं.

मग एका हिवाळ्यात तिथल्या सरकारचे कान तुर्की नावांनी दुखायला लागले. शिपाई दारोदार फिरले. मुर्वेतला मारिया केलं. शेतात मारिया, दुकानात मारिया, दवाखान्यात मारिया. घरी आली की ही बाई माझं झाकण उघडायची, आत तोंड घालायची आणि स्वतःचं खरं नाव मोठ्याने म्हणायची. मी ते ठेवून घ्यायचे. चादरी काय, कुणाच्याही संदुकीत असतात.

काही वर्षांनी त्याच सरकारने सांगितलं, एवढंच तुर्क असायचंय तर निघा. गाडीच्या टपावर मला बांधलं आणि आम्ही निघालो. सीमेवर मैलोन्‌मैल रांग. पलीकडे तुर्कस्तान, आणि पुढे बुर्सा.

पहिल्या महिन्यात शेजारणी सूप घेऊन आल्या. ‘आमचे पाहुणे’ म्हणाल्या. मुर्वेत रडली. वर्ष झालं आणि त्याच शेजारणी जिन्यात कुजबुजायला लागल्या, “हे बल्गेर काफर आले आणि गिरणीतली मजुरी पडली.” तिकडे तुर्क म्हणून नकोशी, इकडे बल्गेर म्हणून. पाहुणा या शब्दाची हीच गंमत आहे. पाहुण्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही. नुसतं विचारतात, ‘मग, कधी निघायचं म्हणताय?’

हाजी रिफ्की तेव्हा हाजी नव्हते, नुसते रिफ्की, सुताचे दलाल. याच जिन्यात त्यांनी मुर्वेतच्या नवऱ्याला विचारलं होतं, “तुमच्याकडे डुक्कर कसं लागतं हो चवीला?” नवरा गरीब माणूस, हसून वर गेला. मुर्वेत मात्र परत खाली आली. “तुमच्या जिभेसारखंच असावं,” म्हणाली. तेव्हापासून दोघांचं हे असं.

दर निवडणुकीला मुर्वेत माझ्या आत कागदाचा नवा थर देते, कारण तेव्हा कागद फुकट दारात येऊन पडतो. त्यामुळे मला पक्ष थराथरांनी कळतात. खालच्या थरात जे ‘या बंधूंनो’ म्हणतात तेच दोन थर वर ‘पुरे झालं’ म्हणतात, आणि ज्यांनी बोटं मोडली होती ते मिठ्या मारताना दिसतात. खळ वाळायच्या आत बाजू बदलते. तरी वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपण आणि आपला पक्ष आईच्या पोटातून इथेच उभे आहोत.

तर यंदाची निवडणूक. पहिल्या फेरीत निकाल लागला नाही, दुसरी फेरी दोन आठवड्यांनी होती. या मधल्या दिवसांत गल्लीतले फलक बदलले. हसरे चेहरे उतरले आणि ‘परके परत जाणार’ चढलं. आणि आमच्या इमारतीत तर माणूस ओळखायची सोय फारच सोपी. बाल्कनी बघायची.

पहिला मजला, हाजी रिफ्की, इमारतीचे व्यवस्थापक. सरकारी पक्षाचा झेंडा. म्हणून तोंडात कायम, “ते आपले पाहुणे आहेत. पाहुणा आपलं नशीब घेऊन येतो.” दुसरा मजला आमचा. विरोधी पक्षाचा झेंडा, मुर्वेतच्या मुलाने, एर्तानने, लावलेला. तो म्हणायचा, “बसमध्ये घाला आणि सीमेवर सोडा.” तिसऱ्यावर फेरिहाबाई, निवृत्त शिक्षिका. बाल्कनीत डाव्यांचं जांभळं फडकं. “रेघा नकाशावर असतात, माणसांवर नसतात,” असं त्या विदादला थांबवून थांबवून सांगायच्या. ती बिचारी हातात कचऱ्याची पिशवी घेऊन ऐकत उभी राहायची. चौथ्यावर तुरगूत टॅक्सीवाला. कट्टर राष्ट्रवादी. झेंडा बाल्कनीत, झेंडा गाडीत, आणि जिना चढता चढता आरोळी, “एकही नको! एकही!” पाचव्याचा मालक जेलाल, सरकारी पक्षाचा. तो जर्मनीत. घराला कुलूप, दारात धूळ.

झेंडा कळला की मत कळलं, असं सगळे धरून चालले होते. मीही. मी काय जगावेगळी आहे?

मुर्वेतबद्दल तर शंकाच नव्हती. ती विदादवर रोज तोंडसुख घ्यायची. चपला जिन्यात का काढता, मिरचीची फोडणी दार उघडं ठेवून का देता. “आम्ही आलो तेव्हा चार दिवसांत गिरणीत उभ्या राहिलो. ह्यांना सगळं हातात हवं,” असं मीच तिच्या तोंडून ऐकलं होतं. त्याच वेळी विदादचं यंत्र खालून घरघरत होतं, तरी म्हणाली.

मत घ्यायची मागणी एर्तानची. हाजींनी जिन्यात कागद लावला: रविवारी दुपारच्या नमाजानंतर दुसऱ्या मजल्यावर सांदिक राहील, प्रत्येक घराने एक मत टाकावं.

आता इथल्या बोलीत सांदिक म्हणजे मतपेटी. आणि सांदिक म्हणजे मीसुद्धा. हाजींच्या मनात बुटांचं रिकामं खोकं होतं. मुर्वेतने कागद वाचला, वर आली, आणि माझं झाकण उघडून एकेक चादर पलंगावर रचायला लागली. कशिद्याच्या उश्या काढल्या. लग्नातली ओढणी काढली, तिचा वास घेतला, ठेवली. मग मला ढकलत ढकलत दाराबाहेर जिन्याच्या चौकात आणलं. घाम पुसत उभी राहिली.

एर्तान पोट धरून हसला. “अगं आई, सांदिक म्हणजे मतपेटी गं! रुखवत कोण मागतंय तुझं?”

“मग तसं लिहायचं होतं. दुसऱ्या मजल्यावर सांदिक एकच आहे. आता आणली ती आणली. परत आत नेणार नाही. माझी कंबर काही सरकारी नाही.”

मग मीच मतपेटी झाले. माझ्या पोटात तीन भांडी ठेवली. उजवीकडे चण्याचा वाडगा, डावीकडे घेवड्याचा, मधे तांब्याचं पातेलं. वरून पलंगपोस पांघरला. आत हात घालायचा, हव्या त्या वाडग्यातला एक दाणा उचलायचा, पातेल्यात टाकायचा, हात बाहेर. कुणाला काही दिसणार नाही. कागद नको, अक्षर ओळखू येतं, असं फेरिहाबाईंनीच सुचवलं. गावाकडे असंच करायचे म्हणे.

कुणाला दिसणार नाही. पण मी काय कुणीच नाही?

आधी फोन आला जेलालचा. हाजींनी आवाज मोठा केला.

“हाजीदादा, माझ्या नावाचा घेवडा टाका. देश आपला धर्मशाळा झालाय.”

मुर्वेतने विचारलं, “आणि तिकडचं काय रे, जेलाल? तिकडे बरं चाललंय?”

“कसलं बरं, मावशी! इथे एक पक्ष निघालाय, परक्यांना हाकला म्हणतो. राक्षस आहेत नुसते. चाळीस वर्षं झाली आम्हाला इथे. आम्ही सगळे झाडून त्यांच्या विरोधात मत टाकतो. परक्यांच्या बाजूचा जो पक्ष, त्याला.”

“तिकडे परक्यांच्या बाजूने आणि इकडे परक्यांना घेवडा?”

“मावशी, तिकडे परका मी आहे ना!”

तुरगूत खदखदून हसला. मुर्वेत म्हणाली, “टपालाने आरसा पाठवू का रे तुला?” फोन बंद झाला. पण एक सांगते, सगळ्यांत खरा माणूस तोच निघाला. बोलला तेच टाकलं.

त्याच्यासाठी हाजींनीच हात घातला. मनगटाला जपमाळ गुंडाळलेली, मणी माझ्या कडेला टकटकले. डावीकडे गेला, घेवडा उचलला, पातेल्यात. ठीक. हात बाहेर आला, पुन्हा आत गेला, आता स्वतःच्या मतासाठी. आता उजवीकडे वळेल म्हणून मी वाट बघत होते. पाहुणा नशीब घेऊन येतो ना? हात वळला नाही. सरळ डावीकडे, जुन्या वाटेने, जराही न चाचरता. घेवडा. आणि बाहेर हाजींचा आवाज, “बिस्मिल्लाह, अल्ला पाहुण्यांचं भलं करो.”

मला वाटलं, म्हातारा चुकला. वाडगा चुकला.

मग फेरिहाबाई. त्यांच्या हाताला लिंबाच्या अत्तराचा वास. बोटं मऊ, थंड. आधी उजव्या वाडग्यात गेली, चणा उचलला, पुन्हा ठेवला. मग सावकाश, कुणी शेजारच्या अंगणातलं फूल तोडावं तशी डावीकडे. घेवडा. का? मला ठाऊक नाही. विदादच्या मुलींच्या आवाजाने त्यांची दुपारची झोप मोडायची का? की गल्लीचं नाव बिघडलं, घराची किंमत उतरली असं कुणी कानात घातलं होतं? हाताला तोंड नसतं. पण नकाशावरच्या रेघा म्हणणारी हीच ती बाई, आणि हाच तो हात.

तिसरा तुरगूत. तंबाखूचा वास, अंगठ्याला स्टिअरिंगचा घट्टा. याचं मत ठरलेलंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. हात चोरासारखा आला, सर्रकन उजवीकडे, चणा, टण्ण, आणि बाहेर. आणि बाहेर लगेच आरोळी, “एकही नको!”

आता मात्र मी पुरती हादरले. तुरगूतची आई गेल्या हिवाळ्यात तापाने फणफणली होती, तेव्हा हा गाडीवर होता आणि दवाखान्यात तिच्या उशाशी विदाद बसली होती, हे मी ऐकून होते. पण तो विषय त्याने कधी काढला नाही. टॅक्सीच्या थांब्यावर तर नाहीच.

शेवटी मुर्वेत. हा हात मला माझ्या कुलपाइतका ठाऊक. तंबाखूची पानं ओवून ओवून तर्जनी वाकडी झालेली. हात आला आणि पातेल्यावर थांबला. कुठेच गेला नाही. बाहेरून एर्तान म्हणाला, “आई, डावीकडे.” हाताने माझ्या आतल्या कागदावरून बोट फिरवलं, एकदाच. मग उजवीकडे गेला आणि चणा टाकला.

मी चाट पडले. रोज चपलांवरून भांडणारी बाई!

पलंगपोस काढला, पातेलं ताटात पालथं केलं. तीन घेवडे, दोन चणे. आणि कुणालाच आश्चर्य वाटलं नाही! सगळ्यांनी माना हलवल्या. हिशेब बाल्कन्यांशी जुळत होता ना. हाजी आणि फेरिहाबाईंचे दोन चणे. जेलाल, तुरगूत आणि मुर्वेत, तीन घेवडे. आकडा तंतोतंत तोच, आणि माणसं जवळजवळ सगळी उलटी. हे फक्त मला ठाऊक. मला ओरडायचं होतं. लाकूड फार तर करकरतं. करकरले. एर्तान म्हणाला, “जुनी झालीय ही. विकून टाक.”

फेरिहाबाई उठल्या, खाली पायरीपर्यंत गेल्या आणि त्यांनी विदादचा हात हातात घेतला. तोच थंड हात, लिंबाच्या वासाचा. “आम्ही दोघांनी प्रयत्न केला गं, बाळा. दोघंच पडलो.” डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. खरं पाणी. ते बघून तर माझा माणसांवरचा विश्वासच नाही, पाण्यावरचाही उडाला.

मग त्या मुर्वेतकडे वळल्या. “तुम्ही स्वतः सीमा ओलांडून आलात, मुर्वेतबाई. निदान तुम्ही तरी. तुमच्या पक्षाने सांगितलं म्हणून एवढं काळीज दगडाचं?”

हाजींनी मान डोलावली. “जो पोळला त्याने दुसऱ्याला चटका देऊ नये. पण पक्ष म्हटला की माणुसकी बाजूला.”

“मी चणा टाकलाय,” मुर्वेत म्हणाली.

“आई!” एर्तान उडालाच. “आपण ठरवलं होतं!”

“तू ठरवलं होतंस. घर माझ्या नावावर आहे आणि हातही माझाच आहे.”

आणि मग हाजींचं ते वाक्य, मेलेल्या बापाचं, आणि माझ्यावर आपटलेला पंजा. म्हणजे तुम्ही आत आलात तिथे आपण पोचलो.

आता गंमत बघा. तिघं म्हणत होते, आम्ही चणा टाकला. ताटात चणे दोन. हाजी म्हणाले, “मुर्वेत खोटं बोलते.” फेरिहाबाई म्हणाल्या, “ती खोटं बोलते असं मी म्हणणार नाही, कदाचित तिचा वाडगा चुकला असेल. वय झालंय.” मुर्वेत म्हणाली, “वय तुमचंही झालंय, मास्तरीणबाई, वाडगा तुमचा का नाही चुकला?” आणि तुरगूत? तो कठड्याला टेकून उभा होता, तोंडातली सिगारेट विझलेली. त्याला ठाऊक होतं की त्याचा एक चणा त्या दोनांत आहे. म्हणजे उरलेल्या तिघांतला फक्त एकच खरा. तो हाजींकडे बघायचा, मग फेरिहाबाईंकडे, मग ताटाकडे. बोलला असता तर सगळं उलगडलं असतं. पण मग थांब्यावर काय तोंड दाखवायचं? विझलेलीच सिगारेट ओढत राहिला.

“चणा घरंगळला असेल,” फेरिहाबाई म्हणाल्या.

“हो हो, घरंगळलाच असणार,” हाजींनी ती फांदी धरली. “जुनं लाकूड, फटी पडल्यात.”

फट? माझ्यात? मेस्तान सुताराच्या कामात?

पण शोध सुरू झाला. एर्तानने फोनचा दिवा लावला. हाजी गुडघ्यांवर बसले आणि खांद्यापर्यंत हात घालून माझा कोपरा न् कोपरा चाचपू लागले. फेरिहाबाई चष्मा लावून वाकल्या. जो चणा कधी पडलाच नाही तो शोधत होते दोघं, आणि काय निष्ठेने! हाजी तर घामाघूम झाले. मला वाटलं, असेच शोधत राहिले तर स्वतःलाच खरं वाटायला लागेल. माझ्या डोळ्यांदेखत वाटायला लागलंही.

मुर्वेत कमरेवर हात ठेवून बघत होती. “शोधा, शोधा. सापडला तर मला दाखवा, मी त्याला सोन्यात मढवते.”

विदाद उठली. तिला वाटलं, आता संपलं. ती हळू म्हणाली, “मावशी, नका भांडू. मी सामान बांधते.”

“बस खाली,” मुर्वेत तिच्यावर खेकसली. “चपला जिन्यात काढतेस ते काढतेस, वर भांडण अर्धवट सोडायला सांगतेस? बस.” मग आमच्याकडे वळली. “पुन्हा टाका. पलंगपोस नको. वाडगे बाहेर, ताट इथे जमिनीवर. विदाद समोर बसेल. ज्याने त्याने दाणा उचलायचा आणि तिच्यादेखत टाकायचा. हाजी, पहिला हात तुमचा. जेलालचा घेवडा आहे तसा राहू दे, तो फोनवर सगळ्यांनी ऐकलाय.”

हाजींनी जपमाळेचे दोन मणी ओढले. तुरगूत पुटपुटला, “असं कुठे असतं का, मावशी?” एर्तान ओरडला, “हे बेकायदा आहे!” आणि फेरिहाबाई ताठ उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहत असतील तशा. “मुर्वेतबाई, गुप्त मतदान हा लोकशाहीचा प्राण आहे. त्यासाठी लोक तुरुंगात गेलेत. तुम्ही माणसांना धाकात मत द्यायला लावताय. मी हे होऊ देणार नाही.”

बाई चुकत होत्या असं मी म्हणणार नाही. म्हणूनच तर मुर्वेतचं उत्तर मला इतकं लागलं. पण पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको.

हाजींनी चणा टाकला. विदादकडे बघून हसलेसुद्धा. फेरिहाबाईंनी चणा टाकला. मुर्वेतने चणा टाकला, दुसऱ्यांदा. आणि तुरगूत, ज्याने अंधारात चणा टाकला होता, त्याने उजेडात घेवडा उचलला, मान खाली घातली, ताटात टाकला, आणि तीन तीन पायऱ्या एकदम उतरत गाडीकडे गेला. तीन चणे, दोन घेवडे. बाल्कन्यांच्या हिशेबापेक्षा एकच माणूस इकडचं तिकडे, मुर्वेत. विदाद राहिली. अजून खाली आहे. फेरिहाबाई तिला अजून नकाशा समजावतात. हाजींनी मशिदीत सांगितलं, आमच्या इमारतीने पाहुण्याला आसरा दिला. तुरगूतशी ती बोलत नाही. तिला वाटतं, तो वैरी. हेच मला सगळ्यांत जास्त टोचतं. आणि मी सांगू शकत नाही.

त्यानंतर लोक विचारतात, कोणता पक्ष परक्यांच्या बाजूचा आणि कोणता विरोधात. बाहेर फलकांवर वाचा, सापडेल. माझ्या पोटात विचारू नका. ओठ तुमचे, पोट माझं, आणि त्या जिन्यात उभ्या असलेल्यांत दोन्हींचा मेळ मी फक्त एका बाईचा बघितला, जिच्या ओठांवर रोज शिव्या होत्या.

मी आता पुन्हा पलंगाच्या पायथ्याशी आहे. चादरी परत आल्या. झाकण जरा वाकडं बसतं, हाजींच्या खांद्याने. या निवडणुकीचा थर मुर्वेतने अजून दिलेला नाही, कागद कोपऱ्यात पडलेत. नाही दिला तरी चालेल मला. एकच मागणं आहे. मला पुन्हा मतपेटी करू नका. चादरी, उश्या, म्हातारीचं नाव, काय वाटेल ते ठेवा, पण कुणाचा हात अंधारात माझ्यात घालू नका. बुटांचं खोकं आणा. त्याला वाचता येत नाही.

तर फेरिहाबाई म्हणाल्या, हा लोकशाहीचा प्राण आहे. मुर्वेतने चण्याचा वाडगा उचलला, त्यांच्या पायाशी ठेवला, आणि ज्या वाक्याने ते भांडण मिटलं ते बोलली:

“मास्तरीणबाई, पडदा असतो तो राजाला पाडायला, शेजारणीला घराबाहेर काढायचं असेल तर तिच्या तोंडाकडे बघून काढा.”